कर्टिस फुलरचा 'ब्लूज-एट' : पावसाळा ते उन्हाळा

ट्रॉम्बोनवादक फुलरची गेल्या पावसाळ्यात घेतलेली ही जॅझची सीडी अजून प्लेअरमधून फारशी बाहेर आलेली नाही.

मुंबईत ट्रॉम्बोन दिसतो तो वरातीच्या बँडमध्ये, दणका द्यायला. सरकणारी नळी, बोटाखाली दाबायला काही नाही, म्हणजे मींडेला मोकळं रान. पण फुलर सूर फारसे ओढतच नाही. द्रुत लयीतही एकेक सूर सुटा, जिभेने तोडलेला. एवढी लांब नळी सात जागांवर नाचवत हे जमवायचं, म्हणजे कमाल आहे!

ध्वनिमुद्रण २१ मे १९५९ चं, रूडी व्हॅन गेल्डरच्या न्यू जर्सीतल्या स्टुडिओतलं. सहा ट्रॅक : दोन फुलरचे, दोन टेनर सॅक्सवाल्या बेनी गॉल्सनचे, दोन आधीची गाजलेली गाणी. पियानोवर टॉमी फ्लॅनगन. त्याच महिन्यात सॅक्सवाल्या जॉन कोल्ट्रेनच्या सुसाट 'जायंट स्टेप्स'मध्ये धाप लागलेला हाच माणूस इथे कसा ऐसपैस बसून वाजवतो!

खरी गंमत 'फाइव्ह स्पॉट आफ्टर डार्क'मध्ये. गॉल्सनची ही रचना न्यूयॉर्कच्या एका क्लबच्या नावाची. मुखडा ट्रॉम्बोन आणि टेनर मिळून वाजवतात, आणि दोघांचे आवाज इतक्या जवळचे की तिसरंच काहीतरी वाद्य वाजतंय असं वाटतं. लोकलमध्ये इअरफोनवर मला कोण कुठलं ते कळायचं नाही. घरी स्पीकरवर उलगडलं : ट्रॉम्बोनचा सूर गोल, कडेला हवा, टेनर जरा खरखरीत. जिमी गॅरिसनचा बेस तर दादर सोडलं की गाडीच्या खडखडाटात गडपच. रंगभवनच्या जॅझ यात्रेची तिकिटं अजून जपून ठेवणारे आमचे मामा म्हणाले, "अरे, मुखड्यावर काय भाळतोस? एकदा नुसता बेस ऐक." ऐकला. मामांचं बरोबर होतं.

तक्रारी आहेतच. मुखडा, पाळीपाळीने सोलो, परत मुखडा, हाच साचा सहाही वेळा. सलग ऐकलं तर शेवटच्या 'ट्वेल्व्ह-इंच'पर्यंत लक्ष उडतं. 'अनडिसायडेड' मी हल्ली सरळ पुढे ढकलतो. सीडीबरोबरच्या पुस्तिकेची अक्षरं मुंगीएवढी. पण १९२९ च्या बोलपटातलं 'लव्ह, युअर स्पेल इज एव्हरीव्हेअर' मात्र दर महिन्याला जास्तच आवडत गेलं.

ट्रम्पेटचा झगमगाट हवा असेल तर हे घेऊ नका. मी आता फुलर-गॉल्सन या दोघांचा, ट्रम्पेटवाल्या आर्ट फार्मरबरोबरचा 'मीट द जॅझटेट' शोधतोय. कुणाकडे जुनी एलपी असेल तर सांगा, योग्य भावात घेईन.