रोसेस एम12: ग्राइंड शिकायचंय त्यांच्यासाठी

एका रांगेत चाकं असलेले इनलाइन स्केट्स घालायचे आणि कठड्यावर किंवा रेलिंगवर बुटाचा तळ घासत सरकायचं, म्हणजे ग्राइंड करायचं: हा अ‍ॅग्रेसिव्ह इनलाइन स्केटिंगचा खेळ. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनमध्ये राहून त्याकडे दुर्लक्ष करणं कठीण आहे. फिलिप्सच्या जुन्या कारखान्यांच्या स्ट्राइप-एस भागात एरिया 51 हा इनडोअर स्केटपार्क आहे, आणि विंटरक्लॅश ही अ‍ॅग्रेसिव्ह इनलाइनवाल्यांची मोठी स्पर्धा तिथे अनेक वर्षं भरलीय. मी मूळची कोथरूडची, लहानपणी सोसायटीत क्वाड स्केट्सवर फिरलेली. नोकरीसाठी इकडे आले आणि पस्तिशी उलटल्यावर रोसेस कंपनीचे एम12 हे ग्राइंडचे स्केट्स घेतले. आता माझ्या भाच्यालाही असेच हवेत आणि ताई रोज फोनवर विचारतेय, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, ताई: दुकानातले नेहमीचे फिटनेसचे किंवा स्पीडचे स्केट्स घेऊन त्याला कठड्यावर चढू देऊ नकोस. त्यांची चाकं मोठी असतात आणि घासायला तळाशी जागाच नसते. अ‍ॅग्रेसिव्ह बुटाच्या तळाला प्लास्टिकची रुंद पट्टी असते, ती सोलप्लेट. चाकं ज्यात बसवतात ती बुटाखालची पट्टी म्हणजे फ्रेम. दुसऱ्या आणि तिसऱ्या चाकाच्या मध्ये तिला खाच असते, तो एच-ब्लॉक. सोल ग्राइंडमध्ये मागचा पाय सोलप्लेटवर घसरतो आणि पुढचा आडवा, एच-ब्लॉकवर. सगळी गंमत या दोन जागांवर चालते.

एम12 हे नव्वदीच्या दशकातलं मॉडेल, अजून बनतंय. रोसेस ही इटलीतल्या माँतेबेल्लुनाची कंपनी, 1952 सालची. ते गावच स्की आणि गिर्यारोहणाच्या बुटांचं, आणि हे बूट हातात घेतले की ते लगेच कळतं. बाहेरचं कवच टणक, खाली लेस, वर घोट्यापाशी बकल. आतला लायनर वेगळा निघतो, धुता येतो. हा टणकपणा मला फार आवडतो. कठड्यावर पाय टेकला की घोटा इकडेतिकडे वळत नाही आणि बूट नेमका कुठे टेकलाय ते पायाला समजतं. शिकणाऱ्याला हेच समजणं सगळ्यात जास्त हवं असतं.

मापाबद्दल मात्र घाई नको. टाच भिंतीला लावून पाऊल सेंटीमीटरमध्ये मोजायचं, दोन्ही पायांचं, कारण एक थोडं मोठं असतंच. बूट चढवून सरळ उभं राहिलं की अंगठा लायनरला पुढे हलका टेकला पाहिजे, आणि गुडघे वाकवून नडगी पुढे दाबली की टाच मागे बसून अंगठा सुटला पाहिजे. तसं झालं की माप बरोबर. चालताना टाच वर उचलली जात असेल तर बूट मोठा आहे, जाड मोजे घालून काम भागवू नका. एम12 अरुंद पावलाला छान बसतो. ज्यांचं पाऊल पुढे पसरट आहे त्यांनी घालून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

माझ्या जोडीला यूएफएस फ्रेम आहे, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या बुटांना चालणारी एकसारख्या मापाची फ्रेम. टाचेखाली एक आणि चवड्याखाली एक असे दोन बोल्ट काढले की दुसऱ्या कंपनीची यूएफएस फ्रेमही बसते. मधली दोन चाकं लहान आणि कडक, म्हणजे अँटी-रॉकर. त्यामुळे कठडा खाचेत अडकत नाही, पण नुसतं फिरायला आणि वळायला हे जडच जातं. अजून नीट वळताही येत नसेल त्याने आधी चारही चाकं सारखी असलेली फ्रेम लावावी, असं माझं ठाम मत आहे. इथल्या विटांच्या रस्त्यांवर ही छोटी चाकं दाढा हलवतात, खडा आला तर जागच्या जागी थांबतात. आणि मागे ब्रेक नसतोच! थांबायला आधी साध्या स्केट्सवर शिकून घ्यावं.

मला हा जोड दोनशे युरोंच्या आतबाहेर पडला. त्यावर हेल्मेट, टणक वाटीचे नी-पॅड आणि मनगटाचे गार्ड धरा. नडगीला फुटबॉलचे शिनगार्ड लावले तर रेलिंगचा मार वाचतो. टाचेखाली चांगला शॉक अ‍ॅब्सॉर्बरही टाकून घ्यावा, उडीनंतर गुडघ्यांना फरक जाणवतो.

सुरुवात जमिनीपासून वीतभर उंचीच्या कठड्यावर करा. कडेला मेणबत्ती घासायची, शेजारी कुणाचा तरी हात धरून न चालता नुसतं सोलच्या ठेवणीत उभं राहायचं. मागचा गुडघा आत, वजन मागच्या पायावर, नजर कठड्याच्या टोकाकडे. ही ठेवण अंगवळणी पडली की मग हळू वेगात उडी. पहिल्यांदा प्लेट खरोखर सरकली तेव्हा करकर असा लांबलचक आवाज आला आणि पलीकडच्या पोरांनी जमिनीवर बोर्ड आपटून दाद दिली. मी कुणाच्या ओळखीची नव्हते, तरी दिली.

ताई, भाच्याच्या पावलाचा पुढचा भाग रुंद आहे, हे मला त्याच्या चपला बघून आठवतंय. त्याला एम12 मागवू नकोस. मी डिसेंबरात येताना एक रुंद कवचाचा जोड घेऊन येते, तोवर दोन्ही पावलांची मापं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. लांबी आणि रुंदी, दोन्ही.