जुन्या एस्टीमवर घरी केलेलं इंजिन कव्हर: दिवाळीपासून श्रावणापर्यंतचा अनुभव

दिवाळीच्या सुट्टीत बसवलेलं कव्हर आख्खा उन्हाळा आणि निम्मा पावसाळा काढून अजून जागेवर आहे, म्हणून आता खात्रीने लिहितो. गाडी २००३ ची मारुती एस्टीम, १२९८ सीसी, सोळा व्हॉल्व्हवाली. या इंजिनावर वरून शोभेचं काही झाकण नसतं. बॉनेट उघडलं की टॅपेट कव्हर (इंजिनाच्या माथ्यावरचं, व्हॉल्व्ह झाकणारं झाकण) आणि प्लगच्या वायरी थेट समोर. गाडी मनापासून जपली आहे, तर आतूनही ती नीटनेटकी दिसावी, एवढीच इच्छा होती.

पत्रा दीड एमएमचा ॲल्युमिनियमचा घेतला. आधी पुठ्ठ्याचा साचा कापला, बॉनेट बंद करून कुठे टेकतं ते पाहिलं, मग पत्र्याला हात घातला. कडा कानसीने घासल्या आणि मॅट काळं पावडर कोटिंग करून घेतलं. ते भट्टीत साधारण १८० ते २०० अंशांना भाजतात, त्यामुळे इंजिनाच्या धगीने त्याचं काही बिघडत नाही. एबीएस प्लास्टिक मी सुचवणार नाही. शंभर अंशांच्या आसपास ते मऊ पडू लागतं आणि इथे नुसतं कूलंटच नव्वदच्या घरात असतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डची, म्हणजे इंजिनातला तापलेला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांची, बाजू तर पूर्ण मोकळीच ठेवा.

खरी मेहनत बसवणीत आहे. टॅपेट कव्हरच्या बोल्टांना हात लावला नाही. तिथे पत्रा अडकवला की बोल्टचा दाब बदलतो, पॅकिंग (सांधा बंद ठेवणारी गॅस्केट) नीट बसत नाही आणि ऑइल पाझरायला लागतं. बाजूच्या आटे असलेल्या मोकळ्या भोकांत छोट्या पट्ट्या लावल्या, त्यांवर हादरे झेलणारे रबरी बुश आणि बुशवर कव्हर. खाली बोटभर मोकळी जागा आहे. ऑइलचं झाकण आणि डिपस्टिक यांच्यासाठी खाचा ठेवल्यात, त्यामुळे ऑइल बघायला काहीच सोडावं लागत नाही. प्लग काढायचे तरी चार नट हाताने सुटतात.

उन्हाळ्यात घाटातही रेडिएटरचा पंखा पूर्वीसारखाच लागायचा. मे महिन्यात मात्र रबर कडक झालं आणि आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, पत्रा किरकिरू लागला. बुश बदलल्यावर थांबला. रबर हा दरवर्षी बदलायचाच भाग धरून चला. आवाज कमी व्हावा म्हणून खाली स्पंज लावणारे असतात. कृपया लावू नका. तो ऑइल पितो आणि गरम इंजिनावर तसा स्पंज म्हणजे आगीला आमंत्रण. शांतता हवी असेल तर हे काम त्यासाठी नाही.

पावसाळ्यात उंदरांवर लक्ष ठेवावं लागतं. झाकलेली ऊबदार जागा त्यांना आवडते आणि पहिला दात वायरींवरच पडतो. तंबाखूच्या पानांची पुरचुंडी ठेवतो, पण भरवसा आठवड्यातून एकदा कव्हर उचलून बघण्यावरच.

इंजिन आधीच ऑइल पाझरत असेल तर पहिले पॅकिंग बदला, मग सजावट. झाकणाखाली गळती लवकर दिसत नाही.

आता बॅटरीचं झाकण करायला घेतलंय. त्याच्या बाजू उघड्या ठेवणार आहे, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि त्याला बाहेर पडायला वाट हवी.