हस्तिदंत की मीना? १९व्या शतकातला फ्रेंच व्यक्तिचित्राचा ब्रोच निवडताना

जुन्या दागिन्यांच्या विक्रेत्याकडे हे दोन ब्रोच अनेकदा एकाच ट्रेमध्ये असतात. दोन्ही लंबगोल, दोन्हींना सोन्याची कड, मधे अंगठ्याच्या पेराएवढा चेहरा. लांबून फरक कळत नाही. हातात घेतल्यावर मात्र कळतं, की एक चित्र हस्तिदंताच्या पातळ पापुद्र्यावर जलरंगात काढून काचेखाली बसवलेलं आहे आणि दुसरं तांब्याच्या पत्र्यावर मीना चढवून भट्टीत भाजलेलं आहे. घ्यायचा कुठला, या प्रश्नाचं माझं उत्तर सौंदर्यापासून नाही, तुमच्या पत्त्यापासून सुरू होतं.

तुम्ही भारतात राहत असाल तर हस्तिदंताचा विचार सोडून द्या. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ आणि १९९१ साली दुरुस्त्या झाल्या आणि आधी भारतीय, मग आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचाही व्यापार बंद झाला. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने मॅमथचा, म्हणजे नामशेष झालेल्या केसाळ हत्तीचा, दातसुद्धा या बंदीत धरला. वस्तू दीडशे वर्षं जुनी आहे, हत्ती कधीच मेला, हा युक्तिवाद इथे चालत नाही. पॅरिसहून परतताना पर्समध्ये टाकून आणू, असंही कुणी सुचवेल. तसं मुळीच करू नका. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना मात्र वाट आहे. तिथला २०१८चा हस्तिदंत कायदा जून २०२२मध्ये लागू झाला आणि त्यात १९१८पूर्वीच्या, ३२० चौरस सेंटिमीटरपेक्षा मोठ्या नसलेल्या लघु व्यक्तिचित्रांना नोंदणीच्या अटीवर सूट आहे. ब्रोच त्या मापाच्या पासंगालाही पुरत नाही. युरोपीय संघात १९४७पूर्वीच्या वस्तूलाही विक्रीसाठी प्रमाणपत्र लागतं. अमेरिकेत राज्याराज्यांत नियम बदलतात आणि न्यूयॉर्क, कॅलिफोर्नियासारखी राज्यं फार कडक आहेत. विक्रेता कागदाचं नाव काढल्यावर विषय बदलू लागला, तर वस्तू परत ट्रेमध्ये ठेवावी.

हे सगळं मान्य करूनही सांगते, चित्र म्हणून हस्तिदंताला तोड नाही. पापुद्रा इतका पातळ कापलेला असतो की उजेड थोडा आत शिरून परत येतो. चित्रकार आधी त्याचा तेलकटपणा काढायचा, प्युमिस दगडाच्या भुकटीने पृष्ठभाग किंचित खरखरीत करायचा आणि डिंकात कालवलेला रंग अगदी बारीक ठिपक्यांनी चढवायचा. गालावर, कपाळावर रंग नावापुरताच असतो. त्वचेचा उजळपणा मुळात हस्तिदंताचाच. मागे कधी चांदीचा वर्ख किंवा रंगीत कागद ठेवलेला असतो, तोही चेहऱ्याला आतून उजळतो. नेपोलियनच्या दरबारातला झाँ-बाप्तिस्त इझाबे, त्याच्याआधीपासून नाव कमावलेला ओग्युस्तँ आणि पुढे ओग्युस्तँकडेच शिकलेली लिझिंस्का द मिरबेल ही या कामातली मोठी नावं. लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये इझाबे आणि ओग्युस्तँची कामं आहेत. खरेदीआधी ती पाहता आली तर जरूर पाहा, कारण एकदा खरं काम पाहिलं की डोळ्याला नक्कल खुपायला लागते.

आणि नक्कल भरपूर आहे. १८३९ साली दागेरोटाइप हे सुरुवातीचं छायाचित्रतंत्र जाहीर झालं, १८५४ साली दिस्देरी या फ्रेंच छायाचित्रकाराने छोट्या छायाचित्र-कार्डांचं पेटंट घेतलं आणि चेहरा जपून ठेवायला लोक छायाचित्रकाराकडे जाऊ लागले. लघुचित्रकारांचं पोट ज्या कामावर चालायचं ते आटत गेलं. त्यानंतर शतकाच्या शेवटापर्यंत बनलेल्या अशा ब्रोचपैकी बरेच निव्वळ शोभेचे आहेत. राणी मारी आंत्वानेत, पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम द पाँपादूर, नेपोलियनची पत्नी जोसेफीन, पुन्हा पुन्हा त्याच, गुबगुबीत गालांच्या आणि कोपऱ्यात ‘इझाबे’ अशी सही. ती सही किमतीत धरू नका. १८व्या शतकातली राणी १९व्या शतकाच्या शेवटच्या साच्याच्या कडेत बसलेली दिसली, की समजावं, हे आठवण म्हणून विकायला केलेलं काम आहे. मला त्यापेक्षा अनोळखी बाई आवडते. १८३०च्या आसपासच्या फुगीर बाह्या, डोक्यावर उंच बांधलेल्या केसांच्या गाठी, थोडं वाकडं नाक. हे नाक कुणीतरी समोर बसून पाहिलेलं आहे. ती कोण होती हे कधीच कळणार नाही, पण ती होती एवढं नक्की. नावाजलेल्या राणीसाठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा हिच्यासाठी मोजावेत.

आता मीना. आपल्याला मीनाकाम परकं नाही, पण फ्रान्समध्ये मीन्याने सपाट नक्षी भरण्यापेक्षा चेहरा रंगवला जातो. तांब्याच्या, क्वचित सोन्याच्या किंचित फुगीर पत्र्यावर पांढरा थर, मागच्या बाजूलाही थर म्हणजे पत्रा वाकत नाही, आणि मग धातूंच्या ऑक्साइडांचे रंग एकेक करून भट्टीत पक्के करायचे. प्रत्येक भाजणीत काम बिघडण्याची भीती. ही विद्या फ्रान्समध्ये १७व्या शतकात झाँ पेतितोने चौदाव्या लुईच्या दरबारात शिखराला नेली होती. १९व्या शतकात तिला पुन्हा बहर आला. सेव्रच्या चिनी मातीच्या कारखान्यात १८४५ ते १८७२ मीन्याची स्वतंत्र कार्यशाळा चालली, पॅरिसमध्ये क्लोदियुस पॉपलँसारखे कलावंत त्यात रमले आणि लिमोज शहराने मीन्यातलं आपलं जुनं नाव परत मिळवलं. लिमोजचे ब्रोच सगळ्यांत जास्त सापडतात. गडद पार्श्वभूमी, एका बाजूला वळलेला चेहरा, केसांत सोनेरी रेघा आणि मीन्याखाली चमकणारा धातूचा वर्ख. या चेहऱ्यांत माणूस कमी आणि नमुना जास्त असतो, हे मला खटकतं. पण रंग? दीडशे वर्षांनीही काल भट्टीतून काढल्यासारखे.

वापरणाऱ्याला हाच फरक सगळ्यांत जास्त जाणवतो. हस्तिदंत दमट हवेत वाकतो, कोरड्यात तडकतो, काचेखाली बुरशी धरतो. उन्हात आधी गुलाबी रंग उडतो आणि चेहरा आजारी दिसू लागतो. काच निघालेली असेल आणि कुणी ओल्या कापसाने पुसायला गेलं, तर चित्रच पुसलं जातं. असा अर्धा गाल नाहीसा झालेला एक ब्रोच मी हातात घेतला आहे, अजून वाईट वाटतं. मुंबईच्या किंवा कोकणच्या पावसाळ्यात त्याचं काय होईल, विचार करून पाहा. मीन्याला यातलं काही होत नाही. त्याचा शत्रू एकच, फरशी. पडला की टवका उडतो आणि परत भट्टीत घालणं बहुधा शक्य नसतं, म्हणून रंगीत लुकण भरतात. भिंगाखाली कडेजवळची चमक एकसारखी नसेल तर तिथे दुरुस्ती झाली आहे असं समजा.

तिसरा पर्याय कुणी फारसा मागत नाही, पण मला त्याविषयी आस्था आहे. १८५४पासून लाफाँ द कामारसाक हा फ्रेंच छायाचित्रकार छायाचित्र मीन्यावर भाजून पक्कं करू लागला. काळ्या-तपकिरी छटेतला, क्वचित हाताने रंगवलेला खरा माणूस, आणि न उडणारा. विक्रेते अशा वस्तूला ‘छापील’ म्हणून बाजूला सारतात. पण छपाईचे ठिपके दहापट भिंगाखाली ओळीत, एकसारखे दिसतात आणि छायाचित्रात ते नसतात. हा भेद कळणाऱ्याला तिथे स्वस्तात चांगली वस्तू मिळू शकते.

चित्र कुठलंही असो, कड उलटवून पाहायची. १८३८पासून फ्रेंच १८ कॅरट सोन्यावर गरुडाच्या डोक्याचा सूक्ष्म ठसा असतो, पॅरिसच्या बारीक चांदीकामावर रानडुकराच्या डोक्याचा, आणि करणाऱ्याची खूण शंकरपाळ्याच्या आकाराच्या चौकटीत. घुबड दिसलं तर सोनं बाहेरून आलेलं किंवा मूळ न कळलेलं आहे, आणि तो ठसा १८९३नंतरचा. ठसा कडेचा असतो, चित्राचा नाही. दोन्ही वेगवेगळ्या काळातले असणं सर्रास आहे. आणखी एक गफलत आपल्या बाजूने होते. १९व्या शतकात दिल्लीचे चितारी हस्तिदंतावर मुघल बादशहा आणि बेगमा रंगवत आणि तेही ब्रोचमध्ये बसवले जात. पागोटं किंवा मोत्यांचा शिरपेच दिसला तर ते काम दिल्लीचं असू शकतं, कड कुठलीही असो.

तेव्हा लग्नसमारंभात पदरावर किंवा शालीवर लावायचा असेल तर मीना घ्या. फक्त जुन्या फ्रेंच ब्रोचची पिन लोकरी कपड्यांसाठी केलेली, जाड असते. पैठणीला भोक पडतं, म्हणून आतून सुती पट्टी धरून लावा. लंडनमध्ये आहात, कागद चोख आहेत आणि महिन्यातून एकदा पेटी उघडून चेहऱ्याकडे पाहण्यात तुम्हाला सुख आहे, तर १८५०च्या आधीची ती वाकड्या नाकाची बाई घ्या. विक्रेत्याकडे मागच्या बाजूचा, पिनेचा आणि तिरप्या उजेडातला, असे तीन फोटो मागा. तिरप्या उजेडात हस्तिदंताची तडही दिसते आणि मीन्याची दुरुस्तीही.