तारखानचा झगा की फुस्तातच्या चिंध्या?

जुनं कापड बघायला एकच दुपार हाताशी असेल, तर लंडनच्या पेट्री संग्रहालयात जायचं की ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियनमध्ये? माझं मन आधी पेट्रीकडे धावतं.

तिथला तारखानचा झगा जवसाच्या धाग्याचा, म्हणजे लिननचा. कार्बन-चाचणीनुसार इ.स.पू. 3482 ते 3102 मधला. 1913 साली इजिप्तमधल्या तारखान इथल्या कबरीतून मातकट चिंध्यांच्या ढिगाबरोबर आला आणि तसाच पडून राहिला. 1977 मध्ये स्वच्छ करताना कळलं, अरे, हा तर शिवलेला झगा! बाह्यांवर आणि खांद्यांवर बारीक चुण्या, व्ही आकाराचा गळा. सापडला तेव्हा तो उलटा होता, डोक्यावरून ओढून काढल्यासारखा. कोपरांशी आणि काखेत वापराच्या सुरकुत्या अजून दिसतात. कुणाच्या तरी अंगावरचा रोजचा कपडा! मला तर गलबलून येतं.

अ‍ॅशमोलियनमध्ये न्यूबेरी संग्रहातले हजारावर सुती तुकडे आहेत. वयाने हे खूप धाकटे, बहुतेक मध्ययुगीन. मिळाले इजिप्तमध्ये, जुन्या कैरोजवळच्या फुस्तातचं नाव त्यांना चिकटलं. पण ठसे उमटवले गुजरातेत. नीळ, तुरटीने पक्का केलेला लाल, वेलबुट्टी. अजरख, म्हणजे कच्छकडचं ठशांचं कापड, वापरणाऱ्याला ओळख पटायला वेळ लागत नाही. अख्खा कपडा मात्र इथे सहसा दिसत नाही.

रंग आणि ठशांचं काम शिकायचं असेल तर ऑक्सफर्डच गाठा. मी पहिल्यांदा त्या चुण्यांपाशीच जाईन.