मोबाइलची चिमटा मॅक्रो लेन्स आणि घरातली चिलटं: आठ महिन्यांनंतर

जूनमध्ये ६५० रुपयांना घेतली. निमित्त सासूबाई. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात चिलटांनी उच्छाद मांडला होता आणि फवारा कुठला आणायचा यावर रोज वाद. मी लेन्स आणली तशा म्हणाल्या, "अगं, चिलट ते चिलट, त्याचे फोटो काय काढतेस?"

निघाली तीन तऱ्हेची. मोरीच्या भिंतीवर बसणारं केसाळ, पतंगासारखं, पंखांच्या कडेला पांढरे ठिपके. हे गाळात वाढतं. तुळशीच्या कुंडीतलं काळं, लांब पायांचं, पंखात मधोमध बेचकीसारखी शीर. ही बुरशीमाशी, सतत ओल्या मातीत होते. आणि केळ्यांवरची २-३ मिलिमीटरची, लाल डोळ्यांची ड्रोसोफिला, म्हणजे फळमाशी. मोरी घासली, तुळशीचं पाणी कमी केलं, केळी झाकली. फवारा आणलाच नाही.

आता लेन्सचं. माशीपासून जेमतेम दोन सेंटिमीटरवर धरावी लागते, तोवर माशी उडते. मग वाटीखाली पकडून पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवायची, की थोडा वेळ गप्प बसते. (श्रीखंडाच्या डब्याशेजारी ती वाटी पाहून नवऱ्याने जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.) फोटोच्या कडा धूसर येतात, म्हणून माशी मधोमधच हवी. फोनचं कव्हर काढल्याशिवाय चिमटा नीट बसत नाही.

पहिले चाळीसेक फोटो मी फक्त वरून काढले, सगळे वाया. डोळे स्पष्ट आले की पंख पुसट. वरून एक, बाजूने एक, पंखांच्या शिरांचा एक, असे तीन तरी हवेत. शिरा दिसायला पांढऱ्या बशीवर तिरपा उजेड पाडायचा.

फोटोवरून नाव सांगणारं अ‍ॅप मात्र फार आत्मविश्वासाने बोलतं. प्रत्येक ड्रोसोफिला त्याच्या लेखी 'मेलॅनोगॅस्टर' जातीची. तिची आणि 'सिम्युलन्स' या दुसऱ्या जातीची मादी फोटोत वेगळी काढता येत नाही. नराची जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागतात. मी वहीत 'ड्रोसोफिला' एवढंच लिहून थांबते.

चिकूंवर एकदा वेगळीच सापडली. कपाळापासून पाठीवर रुपेरी रेघा, प्रत्येकीला काळी किनार, अगदी लुगड्याच्या काठासारखी. झाप्रिओनस, ड्रोसोफिलाचीच भाऊबंद! यातल्या 'इंडियानस' जातीचं वर्णन १९७० साली गुप्ता नावाच्या अभ्यासकांनी केलं. जात पक्की करायला पुढच्या पायाच्या मांडीवरचे काटे पाहावे लागतात. माझ्या फोटोत तिथे नुसता धुरळा.

कमाटीबागेत झेंडूवरच्या फूलमाश्यांना ही लेन्स लागतच नाही, साधा झूम पुरतो. मधमाशी समजून लोक दचकतात, पण पंख दोनच, मिशा आखूड, आणि पंखात एक खोटी शीर, कुठेही न जुळता मधेच संपणारी.

ऑक्टोबरात चिमट्याचं रबर निघालं. विक्रेत्याने उत्तरही दिलं नाही. सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला, तो अजून टिकून आहे.