पिंक फ्लॉइड: ‘एकोज’ संग्रह की मूळ अल्बम?

‘एकोज’ हा पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या निवडक गाण्यांचा २००१ चा संग्रह: दोन सीडी, २६ गाणी; १९६७ पासून १९९४ च्या ‘द डिव्हिजन बेल’पर्यंतचा पल्ला. पण गाणी कालक्रमाने नाहीत, एकातून दुसरं निघेल अशी जोडलेली आहेत. बँड कसा बदलत गेला, ते यातून उमगत नाही.

खरं नुकसान कात्रीने केलंय. ‘एकोज’ हे गाणं ‘मेडल’ या अल्बमवर (१९७१) साडेतेवीस मिनिटांचं, इथे साधारण साडेसोळा. ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ या गाण्याने ‘विश यू वेअर हिअर’ हा अल्बम (१९७५) सुरू होतो आणि त्यानेच संपतो. संग्रहात या गाण्याच्या नऊपैकी सातच भाग, तेही सलग. ‘द डार्क साइड ऑफ द मून’वर (१९७३) ‘टाइम’ थेट ‘द ग्रेट गिग इन द स्काय’मध्ये उतरतं. इथे ती दोन वेगळ्या सीडींवर! हे मात्र अजिबात पटत नाही.

संग्रहाची जमेची बाजू म्हणजे ‘आर्नल्ड लेन’ आणि ‘सी एमिली प्ले’. ही १९६७ ची सिंगल्स (सुटी प्रसिद्ध झालेली गाणी), बँडच्या ब्रिटिश स्टुडिओ अल्बमांवर नव्हती. बँडचा सुरुवातीचा गायक-गीतकार सिड बॅरेट याचा काळ चाखायला ती हवीतच.

तरी पैसे एकदाच खर्चायचे असतील तर आधी १९७३ आणि १९७५ चे अल्बम घ्या, मग ‘मेडल’. ऐकताना शफल बंद, क्रॉसफेड (एक गाणं विरताना दुसरं त्यावर चढवणं) शून्यावर आणि गॅपलेस प्लेबॅक (दोन गाण्यांत खंड न पाडता वाजवणं) चालू ठेवा. सीडीवरून फाइली करायच्या तर फ्लॅक (आवाजात काहीही न गमावणारा फाइल-प्रकार) निवडा. एमपीथ्रीत गाण्याच्या टोकांना शांततेची भर पडते आणि जोड तुटू शकतो.