शब्दांचे कूळ सांगणारा कोश
इंग्रजी शब्दांची व्युत्पत्ती शोधणाऱ्यांसाठी डग्लस हार्पर यांचा ‘ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी’ हा विनामूल्य कोश मला अत्यंत मोलाचा वाटतो. ‘शुगर’चीच नोंद पाहावी: जुनी फ्रेंच, मध्ययुगीन लॅटिन, अरबी ‘सुक्कर’, फारसी ‘शकर’ असा माग काढत ती थेट संस्कृत ‘शर्करा’पर्यंत पोहोचते आणि या शब्दाचा मूळ अर्थ वाळू, खडे असा होता, हेही सांगते. आयुर्वेदातील ‘मूत्रशर्करा’ (मूत्रातील वाळूसारखे बारीक खडे) ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा अर्थ चटकन पटेल. उणीव एकच, संस्कृत शब्द रोमन लिपीत दिलेले असल्याने ऱ्हस्व-दीर्घाची खात्री करण्यासाठी मोनियर-विल्यम्स यांचा 1899 चा संस्कृत-इंग्रजी कोश जवळ ठेवावा लागतो.